प्रा. निस्सीम इझिकेल : इंग्रजीच्या वर्गात आपली मुंबई आणणारा कवी

गणपती ही विद्येची देवता. चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती म्हणून आपण त्याला नमस्कार करतो. पण बारावी झालेल्या मुलाने पुढे कोणती विद्या घ्यावी, असा प्रश्न घरात निघाला की आपली यादी एकदम आखूड होते. इंजिनिअरिंग, फार्मसी, सी.ए., फार तर एम.बी.ए. सिल्वासासारख्या कारखान्यांच्या गावात ते साहजिकही आहे. आपल्यापैकी अनेकांचे वडील-आजोबा नोकरीधंद्यासाठीच दमणगंगेच्या काठी आले आणि इथलेच झाले.

अशा एखाद्या घरातली मुलगी एम.ए.ला इंग्रजी साहित्य घेते म्हणाली, की जेवणाच्या पानावर दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, यातून पोट कसे भरणार? दुसरा प्रश्न आजी विचारते, आणि तो अधिक खोल असतो. आधीच बाहेर गुजराती, कामावर हिंदी, शाळेत इंग्रजी. मराठी उरली ती स्वयंपाकघरात आणि गणपतीच्या दहा दिवसांत. आता पोर शेक्सपिअरच्या देशाचे साहित्य शिकायला निघाली, तर ती आपल्यात राहणार का?

आजीला एक गोष्ट सांगायला हवी. इंग्रजी साहित्याच्या एम.ए.त आता एकट्या इंग्लंडचे साहित्य नसते. नायजेरिया, केनिया, वेस्ट इंडीज, ऑस्ट्रेलिया आणि आपला भारत अशा देशांतल्या लेखकांनी इंग्रजीत लिहिलेल्या साहित्याचे स्वतंत्र पेपर असतात. काही विद्यापीठांत तर याच विषयाची संपूर्ण पदव्युत्तर पदवी मिळते. त्यातल्या भारतीय कवितेच्या पेपरात सुरुवातीलाच जे नाव भेटते, ते एका मराठी बोलणाऱ्या समाजातल्या मुंबईकराचे आहे. ते म्हणजे प्राध्यापक निस्सीम इझिकेल. त्यांचे चरित्र हीच दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात आहे.

आपण वापीहून फ्लाइंग राणीने मुंबईला जातो तेव्हा मुंबई सेंट्रलला उतरतो. त्या स्टेशनाजवळूनच बेलासिस रोड जातो. आता त्याला जहांगीर बोमन बेहराम मार्ग म्हणतात. याच रस्त्यावरच्या ‘द रिट्रीट’ नावाच्या घरात इझिकेल यांच्या आयुष्याचा मोठा काळ गेला. म्हणजे हा कवी आपल्या नेहमीच्या वाटेवरचाच. आपण इतकी वर्षे त्याच्या दारावरून टॅक्सीने जात होतो, एवढेच.

इझिकेल यांचा जन्म डिसेंबर १९२४ मध्ये मुंबईत, बेने इस्राएल समाजात झाला. हा समाज कोकणचा. फार पूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी त्यांच्यातली परंपरागत कथा आहे. रायगड जिल्ह्यातल्या गावांत ही मंडळी तेलाचा घाणा चालवीत. शनिवारी त्यांचा धर्माचा विश्रांतीचा दिवस असल्याने त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची आडनावेही आपल्यासारखीच गावांवरून पडली : केहिमकर, दिवेकर, राजपूरकर, दांडेकर. भाषा मराठी. बायबलातल्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तने रचली आणि साकी-दिंडीच्या चालींवर ती गाइली, हे आपल्या कीर्तनप्रेमी वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. अठराव्या शतकात यातली बरीच कुटुंबे मुंबईत आली. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. मशीद बंदर भागात ते सिनेगॉग आजही आहे, पण आता नव्या जागेतल्या इमारतीत.

निस्सीम हे नाव हिब्रू आहे. त्याचा अर्थ चमत्कार. मराठीत त्याच उच्चाराचा शब्द सीमा नसलेले अशा अर्थाने आपण वापरतो. एका नावात दोन भाषांचे दोन अर्थ बसावेत, आणि ते नाव धारण करणाऱ्याने तिसऱ्याच भाषेत कविता लिहावी, हा योगायोग मजेशीर खरा.

घर शिक्षकांचे होते. वडील मोझेस इझिकेल विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. आईने स्वतःची शाळा चालवली. समाजाची बोली मराठी असली तरी मुलाचे शिक्षण, वाचन, लेखन सारे इंग्रजीत झाले. शाळा कॅथलिक मिशनऱ्यांची. वर्गात ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान मुले, आणि त्यांच्यात हा किरकोळ अंगकाठीचा ज्यू मुलगा. कुणाच्याच टोळीत तो पुरता बसत नसे. लहानपणी झालेली चेष्टा आणि दांडगाई पुढे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर कवितेत सरळ, रडगाणे न गाता मांडली. बहुसंख्यांमध्ये आपण थोडे वेगळे आहोत, याची जाण त्यांना लहानपणीच झाली होती. परप्रांतात वाढलेल्या आपल्या मुलांना ही जाण वेगळी समजावून द्यावी लागणार नाही.

विल्सन कॉलेजात शिकून १९४७ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे इंग्रजी साहित्यातले एम.ए. झाले. वर्ष लक्षात घ्या. देश स्वतंत्र होत होता, पण एम.ए.च्या वर्गातले इंग्रजी साहित्य म्हणजे इंग्लंडचेच साहित्य होते : चॉसर, शेक्सपिअर, मिल्टन, वर्ड्‌स्वर्थ. गिरगाव चौपाटीसमोरच्या कॉलेजात बसून मुले इंग्लंडमधल्या डॅफोडिल फुलांवर निबंध लिहीत. ते फूल कुणी पाहिलेले नसे. त्याच काळात तरुण इझिकेल मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाच्या विचारांकडे ओढले गेले. थोडे दिवस राजकारण, थोडे दिवस मास्तरकी, आणि रात्री कविता असा क्रम चालू होता.

नोव्हेंबर १९४८ मध्ये ते बोटीने इंग्लंडला निघाले. पुढे रंगभूमीवर मोठे नाव मिळवलेले त्यांचे मित्र इब्राहिम अल्काझी यांनी प्रवासखर्चाला हात दिला. लंडनच्या बर्कबेक कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. पैशांची कायम चणचण, राहायला तळघरातली खोली, आणि वर लंडनची थंडी. तरीही साडेतीन वर्षांच्या त्या मुक्कामात त्यांचा पहिला कवितासंग्रह ‘अ टाइम टू चेंज’ १९५२ मध्ये लंडनच्या फॉर्च्युन प्रेसने काढला. संग्रह निघाला, पण परतीच्या तिकिटाला पैसे नव्हते. मग हा एम.ए. झालेला, तत्त्वज्ञान शिकलेला कवी एका मालवाहू जहाजावर खलाशाचे काम करत, डेक घासत मायदेशी आला. ते जहाज इंडोचायनाकडे शस्त्रे घेऊन चालले होते.

त्याच वर्षी बेने इस्राएल समाजातल्याच डेझी जेकब दांडेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुंबईतल्या ज्यू लग्नावर त्यांची एक गमतीदार कविता आहे. तीत जुने विधी, नवी मते आणि मानपान यांची जी ओढाताण आहे, ती वाचताना आपल्याकडच्या कुठल्याही लग्नघराची आठवण व्हावी. त्यांनी आपल्या एका मुलीचे नाव कविता ठेवले. संसार मात्र कायम सुखाचा राहिला नाही. पुढची अनेक वर्षे पतिपत्नी वेगळे राहिले. त्या ताणाच्या खुणा त्यांच्या कवितांत आहेत आणि त्या त्यांनी झाकल्या नाहीत.

मुंबईत परतल्यावर पोटापाण्याचा प्रश्न आलाच. आपण घरी विचारतो तो पहिला प्रश्न त्यांनाही चुकला नाही. ‘इलस्ट्रेटेड वीकली’त साहाय्यक संपादक, मग ‘शिल्पी’ या जाहिरात संस्थेत नोकरी, मग चित्रांच्या चौकटी बनवणाऱ्या केमोल्ड कंपनीत व्यवस्थापक. बरोबर आकाशवाणीवरची भाषणे, कलासमीक्षा, पुस्तकपरीक्षणे. ‘क्वेस्ट’ या वैचारिक नियतकालिकाचे ते पहिले संपादक. कवितेने त्यांना कधी पोसले नाही, पण कवितेसाठी लागणारी भाषेची शिस्त त्यांना सगळीकडे उपयोगी पडली. १९६१ मध्ये ते विलेपार्ल्याच्या मिठीबाई कॉलेजात इंग्रजी विभागप्रमुख झाले आणि १९७२ पर्यंत तिथे राहिले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मुंबई विद्यापीठात त्यांनी पदव्युत्तर वर्गांना शिकवले. अमेरिकन साहित्य हा तिथला त्यांचा मुख्य विषय.

या काळात त्यांचे संग्रह एकामागून एक येत होते : १९५३ मध्ये ‘सिक्स्टी पोएम्स’, १९५९ मध्ये ‘द थर्ड’, १९६० मध्ये ‘द अनफिनिश्ड मॅन’, १९६५ मध्ये ‘द एक्झॅक्ट नेम’. शेवटच्या नावाचा अर्थ नेमके नाव. वस्तूला तिच्या नेमक्या नावाने हाक मारायची, उगाच शब्दांचा फुलोरा करायचा नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता. त्यांच्या आधीच्या अनेक भारतीय कवींच्या इंग्रजीत ऋषी, चांदणे आणि गूढ पूर्व दिशा यांची गर्दी असे. इझिकेल यांच्या कवितेत मुंबई आली. झोपडपट्ट्या आणि गगनचुंबी इमारती, लोकल, हॉटेल, ऑफिस, उकाडा, शेजारी आणि भांडणे आली.

त्यांची जगभर गेलेली कविता म्हणजे ‘नाइट ऑफ द स्कॉर्पियन’. प्रसंग साधा आहे. पावसाची रात्र. तांदळाच्या पोत्याखाली दडलेला विंचू आईला चावतो आणि अंधारात पसार होतो. शेजारीपाजारी कंदील घेऊन धावत येतात, देवाचे नाव घेतात, गेल्या जन्मीच्या पापापुण्याचा हिशेब मांडतात. वडील बुद्धिवादी. असल्या गोष्टींवर विश्वास नसलेले. पण त्या रात्री तेही पूड, औषधी, जडीबुटी, जे हाताला लागेल ते करून पाहतात. मांत्रिक येतो. रात्र सरते, विष उतरते, आणि सोसून सोसून थकलेली आई शेवटी जे काही बोलते त्यात फक्त मुलांची काळजी असते. बस, एवढेच.

खानवेलकडच्या पाड्यांवर किंवा कोकणातल्या आपल्या मूळ गावी ज्यांनी श्रावणातली अशी एखादी रात्र पाहिली आहे, त्यांना ही कविता शिकवावी लागत नाही. मांत्रिक, तांदळाचे पोते आणि कंदिलाच्या सावल्या आपल्या ओळखीच्या आहेत. पण ही कविता ब्रिटनमधल्या माध्यमिक शाळांच्या परीक्षेसाठी नेमलेल्या संग्रहात अनेक वर्षे होती. लंडन-मँचेस्टरची पंधरा-सोळा वर्षांची मुले विंचवाच्या विषावरचे आपले उतारे आणि आपल्या आयांचे सोसणे यावर उत्तरे लिहीत होती. १९४७ च्या वर्गात आपल्या मुलांनी न पाहिलेल्या डॅफोडिलवर निबंध लिहिला होता. आता त्यांची मुले न पाहिलेल्या विंचवावर लिहू लागली. या विषयाच्या अभ्यासक्रमात काय बदलले, हे मला यापेक्षा सोपे करून सांगता येत नाही.

हा बदल कसा झाला, तेही थोडक्यात पाहू. आपल्या गावाचे उदाहरण घ्या. पोर्तुगीजांच्या ताब्यात नगर हवेली १७८३ मध्ये गेली आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाली. त्या लढ्यात आपले सुधीर फडके होते, हे आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. पोर्तुगीज गेले आणि त्यांची भाषाही इथून जवळपास गेली. चर्च राहिले, काही आडनावे आणि खाद्यपदार्थ राहिले. इंग्रजांचे तसे झाले नाही. त्यांचे राज्य गेले पण भाषा जिथे तिथे राहिली, आणि तिथल्या लोकांनी ती आपल्या कामाला लावली. नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांनी १९५८ मध्ये ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीत आपल्या इग्बो गावाची पडझड सांगितली. आपल्याकडे राजा राव यांनी त्याच्याही वीस वर्षे आधी, १९३८ मध्ये, ‘कांतापुरा’त कर्नाटकातल्या एका खेड्यातली गांधीजींची चळवळ एका म्हातारीच्या तोंडून सांगितली होती.

मग विद्यापीठांना जाग आली. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाने यात पुढाकार घेतला. १९५९ मध्ये आपले के. आर. श्रीनिवास अय्यंगार यांनी तिथे भारतीय इंग्रजी साहित्यावर व्याख्याने दिली. त्यातूनच त्यांचा १९६२ चा मोठा ग्रंथ उभा राहिला. सप्टेंबर १९६४ मध्ये लीड्सला राष्ट्रकुल देशांच्या साहित्यावर पहिली परिषद भरली. पुढच्या वर्षी या विषयाचे संशोधनपत्र निघाले. आणि १९६४ मध्येच लीड्सने पाहुणे प्राध्यापक म्हणून बोलावले ते निस्सीम इझिकेल यांना. बारा वर्षांपूर्वी डेक घासत इंग्लंडहून परतलेला माणूस आता इंग्रजांच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायला गेला. १९६७ मध्ये शिकागो विद्यापीठानेही त्यांना बोलावले.

त्याच १९६४ मध्ये केनियाचे एक तरुण लेखक पुढील शिक्षणासाठी लीड्सला आले होते. पुढे जगप्रसिद्ध झालेले ते न्गुगी वा थिओंगो. न्गुगी यांची वाट मात्र वेगळी निघाली. काही वर्षे इंग्रजीत लिहिल्यावर त्यांनी आपल्या गिकुयू भाषेतच लिहायचे ठरवले. परक्याची भाषा मनालाही परके करते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि १९८६ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. आपल्याकडे भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीयांवर कडक टीका केली, तीही अशाच विचारातून. आपल्या आजीचा प्रश्न आणि या दोन मोठ्या लेखकांचा प्रश्न एकच आहे. पोर आपल्यात राहणार का, हा प्रश्न एम.ए.च्या परीक्षेतही येतो, फक्त तिथे तो पंधरा गुणांना असतो.

इझिकेल यांचे उत्तर त्यांच्या जगण्यात आहे. त्यांनी भाषा बदलली नाही, कारण लहानपणापासून इंग्रजी हीच त्यांची लिहिण्या-विचार करण्याची भाषा होती. दुसऱ्या भाषेत लिहिणे त्यांच्यासाठी सोंग झाले असते. त्यांनी ठामपणे ठरवले ते स्थळ. १९४८ मध्ये इस्राएल देश स्थापन झाला आणि पुढच्या वर्षांत बेने इस्राएलांतली बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. अलिबाग, पेण, पनवेलकडची कित्येक घरे रिकामी झाली. लंडनला राहण्याची वाट त्यांच्यापुढे होती, अमेरिकेची होती. ते मुंबईत राहिले. हे शहर घाणेरडे आहे, गोंगाटाचे आहे, माणसाला पिळून काढणारे आहे, असे तक्रारीच्या सुरात त्यांनी पुष्कळ लिहिले. पण इथून जायचे नाही, हे आपण मनाशी ठरवले आहे, असेही त्यांनी कवितेतच सांगून टाकले.

याची कसोटी लागली ती व्ही. एस. नायपॉल यांच्यामुळे. त्रिनिदादला जन्मलेले नायपॉल आपल्या आजोबांचा देश पाहायला भारतात आले आणि १९६४ मध्ये ‘अॅन एरिया ऑफ डार्कनेस’ हे पुस्तक लिहून मोकळे झाले. त्यात भारताची घाण, ढोंग आणि दैन्य यांचे निर्दय चित्र होते. अनेकांनी संतापून त्यांना शिव्या दिल्या. इझिकेल यांनी १९६५ मध्ये शांतपणे एक दीर्घ निबंध लिहिला. नायपॉल यांनी दाखवलेले दोष त्यांनी नाकारले नाहीत. आपण स्वतः हिंदू नाही, धर्माने आणि संस्काराने इथे थोडे उपरेच आहोत, हेही कबूल केले. त्यांची हरकत वेगळी होती. नायपॉल यांनी माणसांकडे लांबून, नाक मुरडून पाहिले. त्यांच्याशी ओळख करून घेतली नाही. दोष सांगायचा अधिकार ओळखीतून येतो, आणि एखाद्या ठिकाणचे होणे हे जन्मावर जितके अवलंबून तितकेच रोजच्या निवडीवर अवलंबून असते, असा त्या निबंधाचा मथितार्थ आहे. हा निबंध आजही एम.ए.च्या वर्गांत नायपॉल यांच्या पुस्तकाबरोबर वाचला जातो. महाराष्ट्राबाहेर घर केलेल्या आपण मंडळींनीही तो एकदा वाचावा. आपणही रोज इथले होतो, आणि तरीही थोडे वेगळे राहतो.

मराठीचे काय, या प्रश्नालाही त्यांनी एक कृतीचे उत्तर दिले. इंदिरा संत यांच्या कवितांचा त्यांनी वृंदा नाबर यांच्याबरोबर इंग्रजीत अनुवाद केला. १९७५ मध्ये ‘स्नेक-स्किन’ या नावाने तो प्रसिद्ध झाला. बेळगावात राहून मराठीत लिहिणाऱ्या कवयित्रीची हळवी, नेमकी कविता या मुंबईकराला आपल्या इंग्रजीत आणावीशी वाटली, ही साधी गोष्ट नाही. दोघांचाही नेमक्या शब्दावर विश्वास होता.

आपल्या बोलण्यातल्या इंग्रजीवरही त्यांनी एक कवितामाला लिहिली. आपण वापीहूनच येत आहोत हे सांगताना “आय अ‍ॅम कमिंग फ्रॉम वापी ओन्ली” म्हणणारे आपण सगळे त्या कवितांत आहोत. निरोपसमारंभाचे भाषण, देशभक्तीचे प्रवचन, रेल्वे कारकुनाचे गाऱ्हाणे अशा प्रसंगांतून त्यांनी ही बोली पकडली. काहींना ती टिंगल वाटली आणि त्यांनी तसे लिहिलेही. आक्षेप अगदीच चुकीचा नाही. काही ओळींत वरून पाहणारा प्राध्यापक दिसतो खरा. पण त्या कारकुनाच्या मोडक्या वाक्यांमागचे थकलेपण आणि भाषणबाजीमागचा भाबडेपणाही त्याच कवितांत आहे. हसता हसता आपण गप्प होतो, ते त्यामुळे.

इझिकेल यांचे सर्वांत मोठे काम मात्र पुस्तकांत सापडत नाही. न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमध्ये पी.ई.एन. या लेखकसंघटनेचे छोटेसे ऑफिस होते. तिथे ते नियमाने बसत. कुणीही तरुण कविता घेऊन यावे, ते पेन्सिल घेऊन वाचत, ही ओळ का, हा शब्द कशाला, असे विचारत. खोटे कौतुक करत नसत आणि दारही लावत नसत. मुंबईतल्या इंग्रजी कवींच्या दोन पिढ्या त्या टेबलासमोर बसून शिकल्या.

त्यांतले एक आपल्या शेजारचे. उंबरगाव तालुक्यातल्या नारगोलच्या समुद्रावर आपण सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जातो. त्या नारगोलशी घराण्याचे नाते असलेले पारशी डॉक्टर-कवी गीव्ह पटेल यांचा पहिला संग्रह १९६६ मध्ये इझिकेल यांनी स्वतः प्रसिद्ध केला. नारगोल या नावाचीच एक कविता पटेल यांनी लिहिली, आणि त्यांची नाटके दक्षिण गुजरातच्या याच पट्ट्यातल्या पारशी घरांवर आहेत. म्हणजे इंग्रजी एम.ए.च्या अभ्यासात आपले शेजारही आहे. आणि जेजुरी तर आहेच. अरुण कोलटकर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहीत. खंडोबाच्या गडावरचा त्यांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी संग्रह १९७६ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. येळकोट करत आपण ज्या पायऱ्या चढलो, त्या पायऱ्या आज ऑस्ट्रेलियातला आणि कॅनडातला विद्यार्थी पुस्तकातून चढतो.

मानसन्मान आले, पण उशिरा. १९७६ मध्ये ‘हिम्स इन डार्कनेस’ आणि १९८२ मध्ये ‘लॅटर-डे साम्स’ हे संग्रह आले. दुसऱ्याला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये पद्मश्री. १९८९ मध्ये ऑक्सफर्डने त्यांच्या समग्र कविता काढल्या. राहणी तशीच राहिली : साधे कपडे, खांद्याला पिशवी, पिशवीत दुसऱ्यांच्या कविता.

शेवटची वर्षे कठीण गेली. स्मृतिभ्रंशाचा आजार जडला. आयुष्यभर वस्तूंची नेमकी नावे शोधणाऱ्या माणसाला एकेक नाव सोडून जाऊ लागले. जुने विद्यार्थी, मित्र भेटायला जात. काहींना ते ओळखत, काहींना नाही. ९ जानेवारी २००४ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. जिथे राहायचे ठरवले होते, तिथेच ते शेवटपर्यंत राहिले.

आता पुन्हा आपल्या जेवणाच्या पानाकडे येऊ. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की या विषयाचा पगार मोठा नसेल, पण वाट बंद नाही. नेट-सेट देऊन प्राध्यापकी आहे, अनुवाद आहे, प्रकाशन, जाहिरात, वृत्तपत्रे आहेत. इझिकेल यांनी यातली जवळजवळ सगळी कामे केली आणि ताठ मानेने केली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलीच्या हातात आहे, आणि थोडे आपल्याही. ती इंग्रजीच्या वर्गात बसणार आहे, तर रिकाम्या हाताने बसू नये. इझिकेल वाचताना तिच्याजवळ इंदिरा संतांचे मूळ मराठी पुस्तक असावे, कोलटकर वाचताना त्यांची मराठी कविताही असावी. वर्गातल्या इतर मुलांना जे तळटिपांतून कळते, ते तिला आजीकडून कळलेले असावे. विंचू उतरवताना काय म्हणतात, येळकोट म्हणजे काय, शनिवार तेली कोण, हे सांगणारी ती वर्गातली एकटी असेल.

यासाठी घरात मराठी बोलली जायला हवी, आणि हे काम कुठलेही विद्यापीठ आपल्यासाठी करणार नाही. ते दहा दिवसांचे नाही, तीनशे पासष्ट दिवसांचे आहे. इझिकेल यांच्या पिढीत त्यांच्या समाजाची मराठी हळूहळू ओसरली. पुढे पुस्तकातून, दुसऱ्या एका मराठी लेखिकेच्या सोबतीने ते तिच्यापर्यंत परत आले. आपल्या मुलांना इतका लांबचा वळसा घ्यावा लागू नये.

विद्येच्या देवतेपुढे यंदा एवढेच मागू या, की आपल्या मुलांनी जगाच्या भाषा शिकाव्यात, आणि त्या भाषांत सांगायला त्यांच्याजवळ आपले काहीतरी असावे.

गणपती बाप्पा मोरया!